नाशिक ते खंडाळा : कामगारांची एक सहल



पत्रिकेत आमच्या व्याख्यानाचा विषय 'ज्वालामुखीच्या प्रदेशातील एक सहल' असा छापला आहे. तो वाचून दोघातिघांनी आम्हांला बाहेर गाठून विचारले, की जपानला जाऊन आलात की इटलीला? तेव्हा आधीच सांगून टाकतो. आम्ही गेलो होतो नाशिक, जुन्नर, नाणेघाट, कार्ले आणि खंडाळा इथे. एस्.टी.च्या गाडीने. तीन दिवस. बरोबर चाळीसएक माणसे होती. त्यांत कापड गिरणीतून निवृत्त झालेले काही, लेथवर काम करणारे काही, विडीकामगार बाया, आणि एक पाथरवट. आमच्या संघटनेची अशी सहल दरवर्षी निघते आणि वाट दाखवण्याचे काम आमच्याकडे असते. आता ह्या सहलीला ज्वालामुखीचा प्रदेश का म्हणायचे, ते प्रथम पाहू.

आपल्या घराचा जोता ज्या काळ्या दगडाचा आहे, आपल्या आईचा पाटा-वरवंटा आणि जाते ज्या दगडाचे होते, नदीवरचा घाट ज्या दगडाने बांधला, तो दगड कोणे एके काळी रस होता. गुळाच्या कढईतला पाक जसा वाफ्यात ओतल्यावर पसरतो, तसा तो जमिनीच्या भेगांतून वर येऊन पसरला. डोंगराच्या टोकातून आग ओकणारा ज्वालामुखी आपण चित्रात पाहतो. आपल्याकडे मुख्यतः तसले काही झाले नाही. इथे जमीन लांबच लांब फाटली आणि त्या फटींतून शिलारस वाहिला. तो निवला, त्यावर पुन्हा दुसरा थर आला, त्यावर तिसरा. हे घडले सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. त्या वेळी हिंदुस्थानची भूमी आजच्या जागी नव्हती. ती दक्षिणेकडून उत्तरेला सरकत होती आणि आज हिंदी महासागरात जिथे रियुनियन बेट आहे, त्या भागातल्या खोल उष्णतेवरून जात होती, असे भूशास्त्रज्ञ मानतात. त्या बेटावरचा ज्वालामुखी अजून पेटतो. म्हणजे आपल्या चुलीतला विस्तव तिकडे राहिला आणि राख घेऊन आपण इकडे आलो, असे म्हणायला हरकत नाही.

हा दगड आज पाच लाख चौरस किलोमीटरांच्या आसपास पसरलेला आहे. पश्चिम घाटाच्या बाजूला सगळ्या थरांची मिळून जाडी दोन किलोमीटरांच्या वर भरते. कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर उंच. ते सबंध ह्याच थरांचे. दूरवरून सह्याद्रीकडे पाहिले की अंगावर आडव्या पायऱ्या दिसतात ना, ते हेच थर. इंग्रजीत ह्या खडकाला 'ट्रॅप' म्हणतात आणि तो शब्द मूळचा स्वीडनमधला, जिन्याच्या पायरीसाठी वापरला जाणारा. दोन कठीण थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. एक थर निवल्यावर दुसरा येईपर्यंत जो काळ गेला, त्यात उन्हापावसाने वरचा दगड कुजून त्याची माती झाली. मग तिच्यावर नवा रस आला आणि ती भाजून निघाली. आमच्या गाडीतल्या बायांनी हे चटकन ओळखले. "भट्टीतल्या विटेसारखी दिसते," असे त्यांतली एक म्हणाली, आणि तिचे म्हणणे बरोबर होते.

रस निवताना त्यात वाफेचे बुडबुडे अडकले की दगड सच्छिद्र होतो. पुढे त्या छिद्रांत पाणी झिरपून स्फटिक जमतात. अकीक, गारगोटी, झिओलाइट हे सगळे तसेच झाले. पुणे, नाशिक, जळगाव ह्या भागांतल्या दगडखाणींत निघालेले असले स्फटिक जगातल्या संग्रहालयांत जाऊन बसले आहेत. वाघोलीच्या खाणींतला निळा कॅव्हन्साइट तर विशेष नावाजलेला. खाणीत घण घालणाऱ्याच्या घरात मात्र त्यांतला एखादा दिव्याशेजारी ठेवलेला असला तर असतो.

पण जिथे बुडबुडे नाहीत, भेगा नाहीत, तिथे हा दगड अखंड आणि कणखर असतो. लेणी कोरणाऱ्यांनी असाच थर हेरला. ह्या खडकात जितकी लेणी आहेत तितकी हिंदुस्थानात इतरत्र नाहीत. ती का आहेत, ह्याचे निम्मे उत्तर धर्मात आहे आणि निम्मे ह्या दगडात.

आता नाशिक. शहराच्या दक्षिणेला जो डोंगर आहे, त्याला जुन्या लेखांत त्रिरश्मी म्हटले आहे. लोक त्याला पांडवलेणी म्हणतात. आम्ही वर चढलो तेव्हा पायथ्याशी एक गृहस्थ दुसऱ्या मंडळींना सांगत होते, की ही लेणी पांडवांनी एका रात्रीत खोदली. आमच्या बरोबरच्या पाथरवटाने हे ऐकले आणि एका खांबावरून हात फिरवला. छिन्नीचे घाव अजून हाताला लागतात. तो म्हणाला, "एका रात्रीत ह्या खांबाचा एक कोपरासुद्धा व्हायचा नाही." देवाला आणि वीराला श्रेय देण्याची आपल्या लोकांना हौस आहे, त्याबद्दल आमचे भांडण नाही. पण जिथे दगडावर लिहून ठेवले आहे की हे कुणी दिले आणि पैसे कुठून आले, तिथे तरी ते वाचावे.

दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात असाच एक लेख आहे. नहपान नावाचा क्षत्रप राजा होता. त्याचा जावई उषवदात. त्याने सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी हे लेणे भिक्षूंना दिले आणि त्याबरोबर तीन हजार कार्षापणांची कायमची ठेव दिली. ही ठेव त्याने राजाच्या खजिन्यात ठेवली नाही, सावकाराकडेही ठेवली नाही. गोवर्धन ह्या गावात विणकरांच्या दोन संस्था होत्या. लेखात त्यांना 'कोलिक निकाय' म्हटले आहे. एका संस्थेकडे त्याने दोन हजार ठेवले, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे एक हजार, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचे नाही, फक्त व्याज घ्यायचे. दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना वर्षाला प्रत्येकी बारा कार्षापणे वस्त्रासाठी द्यायची.

आमच्याबरोबर गिरणीच्या विणखात्यात तीस वर्षे काढलेले एक गृहस्थ होते. आम्ही लेख वाचून दाखवत होतो आणि ते बोटांवर हिशेब करत होते. दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस. वर्षाला दोनशे चाळीस. वीस माणसांना बारा बारा म्हणजे दोनशे चाळीस. "दादा, पै न् पै जुळते," ते म्हणाले. मग थोडा वेळ काही बोलले नाहीत आणि नंतर विचारले, "म्हणजे राजाच्या जावयाने पैसा विणकरांकडे ठेवला? विणकरांची पत एवढी होती?"

होती. आणि एवढेच नव्हे, तो व्यवहार नगराच्या सभेत ऐकवला गेला आणि रिवाजाप्रमाणे फळ्यावर नोंदला गेला, असेही लेखात आहे. आज आमच्या लोकांना प्रॉव्हिडंट फंडाचा उतारा मिळवायला किती खेटे घालावे लागतात हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ह्या ओळीचे मोल सांगायला नको.

हा एकच दाखला असता तर आम्ही त्यावर भर दिला नसता. त्याच डोंगरात पुढच्या काळातला, आभीर राजा ईश्वरसेन ह्याच्या वेळचा लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या शक कुळातल्या बाईने आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी ठेव ठेवली. ती कुंभारांच्या संस्थेकडे, पाण्याची यंत्रे करणाऱ्यांच्या संस्थेकडे आणि तेल्यांच्या संस्थेकडे. आणि चैत्यगृहाच्या दर्शनी भागाचे कोरीवकाम धंभिक नावाच्या सबंध गावाने दिले आहे. एका गावाने वर्गणी काढून डोंगराला चेहरा दिला.

इथे एक खबरदारी घेतली पाहिजे. आमच्यातले काही तरुण कार्यकर्ते हे ऐकले की एकदम म्हणतात, पाहा, दोन हजार वर्षांपूर्वी ट्रेड युनियन होती! तसे नाही. श्रेणी किंवा निकाय म्हणजे आजची युनियन नव्हे. तीत मागाचा मालक होता, कसबी होता, आणि त्याच्या हाताखालचा पोऱ्याही असणार; त्या पोऱ्याला काय मिळे, ते ह्या लेखांत नाही. मालकाशी मजुरीसाठी झगडणारी ती संघटना नव्हती, ती धंद्याची संघटना होती. पण हाताने काम करणाऱ्या माणसांची मंडळी कायमची आहे, ती उद्या पळून जाणार नाही, शंभर वर्षांनीही व्याज देईल, असा भरवसा राजघराण्याने धरला आणि तो दगडावर कोरून ठेवला, एवढी गोष्ट पक्की. आम्हांला तेवढी पुरते.

नाशिकहून संगमनेरवरून जुन्नरला यायला दिवस जातो. वाटेजवळच कुकडी नदीच्या काठी बोरी नावाचे गाव आहे. तिथे नदीच्या थडीत पांढुरक्या बारीक राखेचा थर सापडतो. ही राख आपल्या डोंगरांची नव्हे. आपले डोंगर तर त्याआधी कोट्यवधी वर्षे थंड झाले होते. शास्त्रज्ञ तिचा संबंध सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीशी लावतात. तिथला सर्वांत मोठा स्फोट सुमारे चौऱ्याहत्तर हजार वर्षांपूर्वी झाला. बोरीची राख त्या स्फोटाची की त्याहून पुष्कळ जुन्या एखाद्या स्फोटाची, ह्याविषयी त्यांच्यात वाद आहे. वादाचे कारण असे, की ह्या राखेच्या सान्निध्यात आदिमानवाची दगडी हत्यारे मिळाली आहेत आणि राखेचे वय ठरले की हत्यारांचे वय ठरते. आमच्या लेथवरच्या मंडळींना ह्या हत्यारांच्या गोष्टीत फार रस वाटला. साहजिकच आहे. दगड हातात घेऊन त्याला धार काढणारा तो पहिला कारागीर, आणि हेही धार काढणारेच.

जुन्नर हे आज तालुक्याचे गाव. एके काळी ते मोठे शहर होते. १४९० साली मलिक अहमदने निजामशाही उभी केली ती प्रथम इथून. अहमदनगर त्यानंतर वसले. १६५७ साली शिवाजीमहाराजांनी ह्या शहरावर रात्री छापा घातला. ज्या शिवनेरीवर १६३० साली त्यांचा जन्म झाला, तो गावाच्या उशालाच आहे. इथे कागदही होत असे आणि जुन्नरी कागदाला चांगले नाव होते. किल्ल्याविषयी आम्ही इथे बोलत नाही, कारण ह्या व्यासपीठावरून आमच्याहून मोठ्या माणसांनी त्यावर बोलून ठेवले आहे. एवढेच सांगतो, की शिवनेरीच्या कड्यात किल्ल्याच्या कितीतरी आधीची लेणी आहेत आणि गडावर जाणारी बहुतेक मंडळी ती न पाहता परततात.

गावाभोवतालच्या डोंगरांत, शिवनेरी, लेण्याद्री, मानमोडी आणि तुळजा ह्या चार ठिकाणी मिळून दोनशेच्या वर खोदकामे आहेत. लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून लोक गणपतीच्या दर्शनाला जातात. तो गणपती ज्या दालनात आहे, ते मूळचे भिक्षूंचे राहण्याचे ठिकाण. शेजारचे चैत्यगृह कल्याणच्या सुलसदत्ताने दिले. तो हेरणिकाचा, म्हणजे सोनाराचा म्हणा की सराफाचा म्हणा, मुलगा. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे एक लेणे आणि पाण्याची एक पोढी दिली, असा लेख जुन्नरला आहे. पोढी म्हणजे टाके. बांबूकाम करणारे आणि कासार ह्यांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्याचेही लेख आहेत. बुरुडाकडे ठेव! हे ऐकून आमच्या मंडळींत जो हशा पिकला, तो हेटाळणीचा नव्हता, आनंदाचा होता. त्यांत एक बाई बुरुडाच्या घरची होती. ती हसली नाही. तिने विचारले, "हे कुठल्या भिंतीवर आहे, ते दाखवा."

जुन्नरला आम्हांला पूर्ण झालेल्या लेण्यांपेक्षा अर्धवट राहिलेली लेणी अधिक मोलाची वाटली. पुऱ्या झालेल्या लेण्यात काम कसे झाले ते दिसत नाही. अर्धवट लेण्यात सगळे उघडे पडते. आमच्या पाथरवटाने तिथे उभे राहून जे सांगितले ते कोणत्याही पुस्तकापेक्षा चांगले होते. काम छतापासून सुरू करायचे आणि खाली उतरत जायचे. म्हणजे पायाड बांधावे लागत नाही. उरलेला दगडच पायाड. आधी उभ्याआडव्या चऱ्या पाडायच्या, मधले ठोकळे तसेच ठेवायचे, मग ते पहारीने उचकटून काढायचे. खांब जिथे हवा, तिथला दगड पहिल्यापासून राखायचा. एकदा उडालेला कपचा परत लावता येत नाही. "घर बांधताना चुकले तर पाडून बांधता येते," तो म्हणाला, "इथे चुकले तर डोंगर बदलावा लागेल." काही लेणी अर्धवट का राहिली? कुठे दगडात भेग निघाली असेल, कुठे मऊ तांबडा थर लागला असेल, कुठे देणाऱ्याचा पैसा संपला असेल. तिसऱ्या कारणाला आमच्या मंडळींनी एकमताने पसंती दिली.

जुन्नरच्या पश्चिमेला नाणेघाट. सह्याद्रीचा कडा इथे एका अरुंद नाळेत फाटला आहे आणि त्या नाळेतून दगडी पायऱ्यांची वाट कोकणात उतरते. नानाच्या अंगठ्यावर उभे राहिले की खाली वैशाखऱ्याकडचे रान, आणि डाव्या हाताला जीवधनाचा सुळका. कल्याण आणि सोपारा ही बंदरे खाली. जुन्नर, पैठण, तेर ही शहरे वर. 'पेरिप्लस' नावाच्या जुन्या ग्रीक प्रवासग्रंथात पैठण, तेर आणि कल्याण ह्या तिन्ही गावांचा उल्लेख आहे. वरचा माल खाली आणि खालचा माल वर जायचा तो अशा नाळांतून, बैलांच्या पाठीवर आणि माणसांच्या डोक्यावर. घाटाच्या तोंडाशी एक मोठा दगडी रांजण आहे; त्यात जकातीची नाणी टाकत, असे लोक सांगतात.

तिथल्या गुहेत सातवाहन राणी नागनिका हिचा लेख आहे. किती यज्ञ केले आणि दक्षिणेत किती गायी, घोडे, हत्ती आणि कार्षापणे दिली, ह्याची ती लांबलचक यादी आहे. आकडे कसे लिहीत, ह्याचा फार जुना पुरावा म्हणून विद्वान ह्या लेखाला मानतात. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. त्या गेल्या, वर कोरलेली नावे तेवढी उरली. हजारोंनी दिलेल्या त्या गायी आणि कार्षापणे कुठून आली, ते मात्र कळायला लेख वाचायला नको. गुहेच्या दारात उभे राहून पायऱ्यांकडे पाहिले की पुरे.

तिसऱ्या दिवशी कार्ले. चैत्यगृह सुमारे १२४ फूट लांब, ४५ फूट रुंद, ४६ फूट उंच. आणि छताला दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी अजून आहेत. वैजयंतीच्या भूतपाल शेठीने हे घर पुरे केले आणि सबंध जंबुद्वीपात असे दुसरे नाही, असे त्याने तिथेच कोरून ठेवले. शेठजींची जाहिरात म्हणायची. पण ह्या खेपेस ती खोटी नाही. धेनुकाकट गावच्या गंधी सिंहदत्ताने एक दरवाजा दिला आणि त्याच गावच्या सामी नावाच्या सुताराने एक दरवाजा केला. गंध्याचे नाव आहे, सुताराचे नाव आहे, कित्येक खांबांवर ते देणाऱ्या यवनांची नावे आहेत. पण खुद्द दगड फोडणाऱ्यांची? ती जवळजवळ कुठेच नाहीत. जवळजवळ म्हणतो, कारण घाटाखाली, राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाण्याची लेणी आहेत. तिथे एका भंगलेल्या मूर्तीशेजारी ओळ कोरली आहे, की कृष्णाचा शिष्य बालक ह्याने हे केले. 'दिले' नव्हे, 'केले'. उस्तादाचे नाव आणि शागिर्दाचे नाव. आम्ही गाडी खाली सोडून, मंडळींना दोन तास चालवून तिथवर नेले. काहींनी कुरकुर केली, पण त्या एका ओळीसाठी आम्ही पुन्हाही नेऊ.

कोंडाण्याच्या दरीतूनच वर पाहिले तर बोरघाटातली रेल्वे दिसते. तीच डोंगराची भिंत, तोच दगड.

मुंबईहून रेल्वे १८५६ साली खोपोलीपर्यंत आली. वर पुण्याहून खंडाळ्यापर्यंत १८५८ साली आली. मधला घाट उतारू पालखीत, तट्टावर, बैलगाडीत पार करीत. तो जोडायला १८५६ ते १८६३ अशी सात वर्षे लागली. घाटाची लांबी पावणेसोळा मैल, चढ १८३१ फूट, बोगदे पंचवीस, मोठे पूल आठ. डायनामाइट तेव्हा जगात नव्हते. दगडात हाताने भोक पाडायचे, त्यात काळी दारू ठासायची आणि उडवायची. कड्यावर पाय ठेवायला जागा नसे, तिथे माणसे दोरांना लटकून छिन्नी चालवीत. १८६१ च्या सुमाराला एका वेळी बेचाळीस हजार माणसे ह्या कामावर होती. त्यांत बायका होत्या, मुले होती. पटकीची साथ आली की तळच्या तळ ओस पडत. किती माणसे मेली ती हजारांनीच मोजावी लागतात.

ठेका प्रथम फॅव्हिएल नावाच्या इंग्रज ठेकेदाराकडे होता. त्याच्या खाली पोटठेकेदार, त्यांच्या खाली मुकादम. ज्याने आयुष्यात एकदा तरी ठेक्यावर काम केले आहे, त्याला ह्या उतरंडीत पैसा कुठे अडतो हे सांगावे लागत नाही. मजुरी थकली. जी मिळे ती ठरल्यापेक्षा कमी मिळे. १८५९ च्या आरंभी मजूर उठले आणि गोऱ्या देखरेखवाल्यांवर चाल करून गेले. त्याच साली फॅव्हिएलने ठेका सोडला. तो सॉलोमन ट्रेडवेलने घेतला. हिंदुस्थानात येऊन थोड्याच दिवसांत तोही मेला आणि पुढचे काम त्याची विधवा अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने दोन इंजिनियरांच्या मदतीने पुरे करून घेतले. ह्या बाईचे धाडस मानले पाहिजे. तिचे नाव इतिहासात आहे आणि ते असावे.

मजुरांनी मजुरी मागितल्याचे फळ काय? १८६० साली सरकारने कायदा केला: रेल्वे आणि सार्वजनिक बांधकामांवर मालक-मजुरांचे तंटे मॅजिस्ट्रेटने झटपट निकालात काढावेत. मजुरी बुडवली तर मॅजिस्ट्रेट ती देववू शके, हा त्यातला चांगला भाग. पण करार मोडून मजूर काम सोडून गेला, तर त्याला तुरुंगात घालण्याची सोयही त्यातच होती. हा कायदा १९३२ सालापर्यंत पुस्तकात होता. त्याआधी १९२६ साली ट्रेड युनियनचा कायदा झाला होता. म्हणजे काही वर्षे ह्या देशात युनियन करणे कायदेशीर होते आणि काम सोडणे गुन्हा ठरू शकत होते.

आज द्रुतगती मार्गावरून घाट काही मिनिटांत चढतो. १८३० सालचा जुना पूल, ज्याला लोक अमृतांजन पूल म्हणत, तो २०२० साली पाडला गेला. जुन्या रस्त्याला शिंगरोबाचे देऊळ आहे. शिंगरोबा धनगराने इंग्रज साहेबाला घाटातली वाट दाखवली आणि साहेबाने त्याला गोळी घातली, अशी लोककथा आहे. गाडीवाले जाता जाता तिथे नाणे टाकतात. कथेला इतिहास म्हणता येत नाही, पण एवढ्या मोठ्या कामात आपल्या एका तरी माणसाचे नाव असावे, म्हणून लोकांनी ते उभे केले असे आम्हांला वाटते. बेचाळीस हजारांपैकी एकाचेही नाव कोरलेला दगड आम्ही हिंडलो त्या भागात आम्हांला दिसला नाही.

त्या देवळापाशी बसून आमच्या मंडळींनी एक ठराव केला. खंडाळ्याला एक साधा काळ्या दगडाचा फलक असावा, रेल्वेखात्याने जागा द्यावी, खर्च वर्गणीतून करू. अक्षरे आमचा पाथरवट फुकट कोरून देणार आहे. मजकुरावर मात्र तासभर वाद झाला. १८५९ च्या घटनेला काय म्हणायचे? सरकारी कागदांत 'दंगा' म्हटले आहे. तरुणांना 'संप' हवा होता. विणखात्यातले ते गृहस्थ म्हणाले, की दंगा लिहू नका, आणि संपही लिहू नका. तेव्हा त्यांची संघटना नव्हती, आपण आपला शब्द त्यांच्या तोंडी कशाला घालायचा? शेवटी असे ठरले:

"१८५६ ते १८६३ ह्या काळात हा घाट फोडणाऱ्या मजुरांसाठी. १८६१ मध्ये ते बेचाळीस हजार होते. १८५९ मध्ये त्यांनी आपली थकलेली मजुरी मागितली."

ह्या मजकुराचा अर्ज दारापाशी टेबलावर ठेवला आहे. ज्यांना सही करायची असेल त्यांनी जाताना करावी. वर्गणीची पावती तिथेच मिळेल.